बागेतले दिवे, काजवे आणि एका झऱ्यासाठी चाललेली डोंगरवाट

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेली सोळा वर्षं मी पुण्यात बागा आखून देते. बंगल्यांच्या, सोसायट्यांच्या, दोन शाळांच्या आवारातल्या. आणि गेली सात वर्षं डिसेंबरात आम्ही दहा-बारा जण रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाला चालत जातो. त्या चालीच्या नावानं ओळखीपाळखीतून पैसे गोळा करतो आणि ते अकोले तालुक्यातल्या एका वाडीच्या पाण्यासाठी देतो. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागायला नको म्हणून तिथल्या लोकांनीच तसं सांगितलंय.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर मी लिहिलं होतं की झाडाखालून वर झोत मारणारे दिवे मी बागेत लावत नाही. त्यावर तिघांनी ‘का?’ म्हणून विचारलं. त्याचं उत्तर डोंगरातून सुरू होतं आणि लांबतं, म्हणून हा वेगळा धागा.

बाणेरच्या एका बंगल्याच्या बागेत मी चव्वेचाळीस दिवे लावले होते. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी एक, झोत वर पानांत. मालक खूश होते, मीही होते. त्याच वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रतनवाडीला गेले. अमृतेश्वराच्या देवळापासून थोडं पुढे, बांधावर एक जुना सादडा. पाऊस आला नव्हता, पण हवेत ओल होती. त्या सादड्यावर काजवे. अख्खं झाड एका ठेक्यात उजळत होतं, मावळत होतं, शेंड्याकडून खाली लाट उतरावी तसं. आम्ही कुणी बोललो नाही. मग रस्त्यावर एक गाडी वळली आणि तिचे हेडलाइट झाडावर पडले. झाड विझलं. गाडी गेली, अंधार पुन्हा तेवढाच झाला, पण झाड काही लवकर पेटेना. मी मनात आकडे मोजत होते. तीनशेच्या पुढे मोजणं सोडून दिलं.

काजव्याची अळी कित्येक महिने पाचोळ्याखालच्या ओल्या मातीत गोगलगायी खाऊन जगते. पंख फुटले की हातात उरतात थोडे आठवडे, आणि तेवढ्यात जोडीदार शोधायचा तो प्रकाशाच्या खुणेवरून. आजूबाजूला उजेड असला की ती खूणच दिसत नाही. म्हणजे त्याला दोन गोष्टी लागतात, न झाडलेला पाचोळा आणि खराखुरा अंधार. आमच्या धंद्यात पहिलं काम काय, तर पाचोळा झाडून पोत्यात भरायचा. दुसरं, दिवे लावायचे. माझे चव्वेचाळीस दिवे म्हणजे चव्वेचाळीस गाड्या, रोज रात्री, सहा सहा तास उभ्या.

परत आल्यावर बाणेरला फोन केला आणि माझ्या खर्चानं दिवे काढून देते म्हटलं. ते आधी नाही म्हणाले. मग बरंच बोलणं होऊन झाडांवरचे सगळे काढू दिले, पायवाटेचे गुडघ्याखालचे पिवळे तेवढे ठेवले, तेही दहाला बंद होणारे. बागेत काजवे आले का? नाही आले, बाणेरला कुठून येणार. पण दुसऱ्या पावसाळ्यात पाचोळ्याच्या थराखाली गांडुळं दिसायला लागली, आणि पहाटे दयाळ पक्षी खाली उतरून तो पाचोळा उकरताना मालकांच्या आईंनी पाहिला. त्या आता झाडलोट करणाऱ्यांना तिथे हात लावू देत नाहीत.

आता डोंगरातल्या कामाबद्दल. पहिल्या वर्षी आमचं चुकलं, ते आधी सांगते.

आम्ही जमवलेल्या पैशांतून तीनशे रोपं घेतली. आवळा, जांभूळ, शिवण, बेहडा. जुलैत वाडीवर नेऊन लावली, फोटो काढले, समाधानानं परतलो. पुढच्या मे महिन्यात गेले तेव्हा अकरा जिवंत होती. काही शेळ्यांनी खाल्ली होती, बाकीची वाळली होती. मी एका खड्ड्याशी बसून काडी हलवून बघत होते, तर एक आजी डोक्यावर रिकामा हंडा घेऊन बाजूला थांबल्या. म्हणाल्या, “ताई, झाडं तुमची चांगलीच व्हती. पन उन्हाळ्यात पानी घालायचं कोनी? म्या ह्यो हंडा डोंगर उतरून भरून आनते. त्यो पोरान्ला पाजू का झाडान्ला?”

नव्या जागेवर बाग आखायला गेले की मी आधी दोन-तीनदा नुसती जाऊन बसते. ऊन कुठून येतं, पाणी कुठे साचतं, इथे आधी काय होतं, घरातली माणसं खरंच कुठे बसतात, हे विचारते. तोच प्रश्न मी वाडीला एकदाही विचारला नव्हता.

मग विचारला. उत्तर एका आवाजात आलं, पाणी.

ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांना हे पटणार नाही. जवळच्या घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणतात, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पुण्यात पडतो साधारण सातशे. आणि तरी मार्च उजाडला की वाड्यांवर हंड्यांची रांग. कारण खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर, उतार उभा. पाणी आलं तसं प्रवरेला आणि मुळेला निघून जातं. जे थोडं मुरतं ते लाव्हाच्या दोन थरांमधल्या तांबड्या चिकट पट्ट्यावर अडतं आणि कड्याच्या पोटातून झिरपत बाहेर येतं. गडांवरची टाकी ज्यांनी खोदली त्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

वाडीच्या वरच्या अंगाला असा एक झरा होता, गावच्याच जमिनीत. गुरं आत उतरून तो चिखल करून टाकायची. गावानं आणि आम्ही मिळून झऱ्याभोवती दगडी कुंडी बांधली, वर झाकण, तिथून नळी खाली वाडीपर्यंत, आणि वाडीत दहा हजार लिटरचं फेरोसिमेंटचं (तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेलं) टाकं. पंप नाही, वीज नाही, उतारानंच पाणी येतं. झऱ्याच्या वरच्या टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, चार वर्षं गुरं सोडायची नाहीत हा निर्णय ग्रामसभेनं घेतला, आम्ही नाही. तिथे आम्ही एकही रोप लावलेलं नाही. करवंद, धायटी, कुडा, कारवी आपसूक वर आले. त्या तीनशे रोपांपेक्षा हे कितीतरी दाट आहे.

हे सगळं बागेत कसं उतरलं, तर मी लॉन देणं जवळजवळ थांबवलं. बहावा, कांचन, पळस, पांगारा, ताम्हण, निर्गुडी, अडुळसा अशी इथली झाडं-झुडपं देते. फरशी जुनी मिळाली तर जुनीच शहाबादी घेते. पण डोंगरातून मी रोप काय, फांदीसुद्धा आणत नाही. हा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, आणि तसा नसता तरी आणली नसती. बिया शहरातच मिळतात. जूनमध्ये जांभळाखाली सडा पडतो, त्या बिया लगेच पेरायच्या, वाळवून ठेवल्या की रुजत नाहीत. बहाव्याचं उलट. त्याचं कवच इतकं टणक की पॉलिश कागदावर घासून रात्रभर पाण्यात टाकावं लागतं.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तसं उत्तर देईन.

मृद्गंध

एका दमात वाचलं. ‘झाड विझलं’ इथे थांबले. आमच्या गच्चीत मी हौसेनं दिव्यांच्या माळा लावल्यात. आज काढते.

कोथरूडकर

रानजाईताई, उत्तम धागा. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. साडेचार हजार चौरस फूट लॉन आहे, बिल्डरनं दिलेलं. मार्चपासून टँकर सुरू होतात आणि दर बैठकीत लॉनवरून वाद. तरुण मंडळी काढा म्हणतात, ज्येष्ठ म्हणतात हिरवळ गेली तर सोसायटीला कळा राहणार नाही, मुलं कुठे खेळतील. मला दोन्ही बाजू पटतात. काय करावं?

रानजाई

कोथरूडकर, आधी आकडा मांडा, भांडण निम्मं कमी होतं. एक मिलिमीटर पाणी एका चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. पुण्याच्या उन्हाळ्यात हिरवळ टिकवायला दिवसाला पाच मिलिमीटर धरा. तुमचं लॉन साधारण ४२० चौरस मीटर भरतं. म्हणजे दिवसाला २,१०० लिटर, महिन्याला त्रेसष्ट हजार. दहा हजार लिटरचे सहा टँकर नुसते गवताला. हे फळ्यावर लिहा.

मग एक रविवार मुलं खरंच कुठे खेळतात ते बघा. मी अशाच एका सोसायटीत सकाळी सात ते संध्याकाळी सात खुर्ची टाकून बसले होते. मुलं एका कोपऱ्यात खेळत होती, पार्किंगजवळ, कारण तिथे चार वाजता सावली येते. मधल्या लॉनवर दिवसभरात दोन माणसं चालली, एक माळी आणि एक कुत्रा फिरवणारे गृहस्थ. तेव्हा खेळण्यापुरता तुकडा ठेवा, तोही हरळीचा. ती उन्हात पिवळी पडते आणि पहिल्या पावसात उठते, त्या पिवळेपणाची सवय करावी लागेल. बाकी जागेत सावलीची झाडं, खाली जलपिंपळीसारखं जमिनीला धरून पसरणारं काही, आणि उरलेल्या जागेत पाचोळ्याचा चार बोटं जाड थर.

ज्येष्ठांना आधी भेटा, एकेकट्याला. कळा राहणार नाही म्हणतात त्यांच्या मनात बहुतेक बसायची जागा असते. बहाव्याखाली दगडी कट्टा कागदावर काढून दाखवा. एप्रिलमध्ये बहावा फुलला की तोच तुमची बाजू मांडेल, पण त्याला चार-पाच वर्षं द्यावी लागतात हे आधीच सांगा. आणि सगळं एकदम उखडू नका. पहिल्या वर्षी पाव भाग.

आणखी एक. गच्चीचं पाणी कुठे जातं? हजार चौरस फुटांच्या गच्चीवर पुण्याच्या पावसात वर्षाला साठ हजार लिटरच्या वर पाणी पडतं. ते गटारात जात असेल तर लॉनच्या आधी ते वळवा.

कोथरूडकर

गटारातच जातं. खुर्ची टाकून बसायचं मनावर घेतलं. या रविवारी.

सरळमार्गी

लेख आवडला, काम चांगलंच आहे. पण एक प्रश्न मनापासून विचारतो, राग नसावा. पैसे द्यायचेत तर थेट द्यावेत. त्यासाठी तीन दिवस डोंगर चालायची काय गरज? प्रवासाचा, जेवणाचा खर्च वाचवून तोही वाडीला देता येईल. चालण्यानं झऱ्याला काय मिळतं?

सह्यभटक्या

सरळमार्गी, हा प्रश्न मलाही पडायचा. मी या गटात नाही, पण तीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय.

एडमंड हिलरी १९५३ साली एव्हरेस्ट चढले हे सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतर ते पुन्हा पुन्हा एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागात जात राहिले. तिथल्या शेर्पांनी त्यांच्याकडे शाळा मागितली, म्हणून खुमजुंगला १९६१ मध्ये शाळा उभी राहिली. १९६६ मध्ये खुंदेला दवाखाना झाला. पुढे जंगल आटत चाललं, त्यात गिर्यारोहकांच्या आणि ट्रेकर्सच्या चुलींचाही वाटा होता, तेव्हा त्यांच्या हिमालयन ट्रस्टनं रोपवाटिकांनाही हात दिला. हे सगळं न्यूझीलंडला बसून धनादेश पाठवून झालं नसतं. त्या गावांत ते राहिले होते, त्यांच्या पाठीवरचं ओझं त्या माणसांनी वाहिलं होतं, म्हणून मागणारा मोकळेपणानं मागू शकला.

आपल्याकडचं सांगतो. इर्शाळगडाला जाताना आम्ही दर वेळी वाटेतल्या वाडीत पोहे खायचो. ती इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. वर रस्ता नव्हता. बचावाची पथकं पावसात, चिखलात चालत चढली, आणि त्यांच्यात डोंगर फिरणारी पोरं होती, कारण ती वाट पायाखालची होती. माळीण गावावर दरड कोसळली तेव्हा, ३० जुलै २०१४ ला, मी स्वतः खालून सामान पोचवायला होतो. ज्या डोंगरात आपण पायी गेलेलो असतो तिथलं दुःख बातमीतलं राहत नाही. यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

रानजाई

सह्यभटक्या, डोळे भरून आले. सरळमार्गी, राग अजिबात नाही. उलट पैसे देणाऱ्या प्रत्येकानं हे विचारावं.

आमचा नियम असा की चालणारा आपला सगळा खर्च आपण करतो. जमलेल्या पैशातला एक रुपयाही गाडी, जेवण, टीशर्ट यांना लागत नाही. टीशर्ट आम्ही छापतच नाही. देणारे कुणी किलोमीटरमागे दहा-वीस रुपये लावतात, कुणी एकरकमी देतात. खातं वाडीच्या पाणी समितीचं आहे, सह्या दोन बायकांच्या. जानेवारीत ग्रामसभेत हिशेब मोठ्यानं वाचला जातो आणि आम्ही तिथे खाली बसून ऐकतो. वाटेत कुमशेतला आणि पाचनईला घरात जेवतो, वाटाड्या गावातलाच घेतो, पैसे त्याच दिवशी हातात. तो खर्च वाचवून दुसरीकडे देण्यापेक्षा तो असाच झालेला मला बरा वाटतो, कारण ती मजुरी आहे, दान नाही.

सरळमार्गी

समजलं. शेवटचं वाक्य विशेष पटलं. धन्यवाद दोघांनाही.

लीड्सकर

इंग्लंडमधून लिहितेय. इथे तीन शिखरांचं आव्हान म्हणून प्रकार आहे. स्कॉटलंडमधलं बेन नेव्हिस (१३४५ मी.), इंग्लंडमधलं स्कॅफेल पाइक (९७८ मी.) आणि वेल्समधलं स्नोडन (१०८५ मी.) चोवीस तासांत करायचं, आणि त्यावर संस्थेसाठी पैसे उभे करायचे. मी दोन वर्षांपूर्वी केलं, कर्करोगाच्या रुग्णांसाठी. पैसे चांगले जमले. पण आम्ही स्कॅफेलच्या पायथ्याच्या गावात मध्यरात्री पोचलो, गाड्यांची दारं आपटली, बोललो, चढलो, उतरलो, निघून गेलो. त्या गावातल्या एकाही माणसाचं तोंड मी पाहिलं नाही. तिथले लोक या रात्रीच्या गर्दीबद्दल, झिजलेल्या वाटांबद्दल, कचऱ्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करतायत. तुमचं जेवणाचं आणि हिशेबाचं वाचून हे आठवलं, बोचलं.

बागेबद्दल एक विचारायचं होतं. इथे कुंड्यांच्या मातीत पीट (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) घालू नये म्हणून मोठी मोहीम आहे. पीट दलदलीत वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर साठतं, आणि उपसलं की त्यातला कार्बन हवेत जातो. त्याला पर्याय म्हणून आम्ही नारळाचं कोकोपीट आणतो, ते भारतातूनच येतं. तुम्ही ते वापरता का?

रानजाई

लीड्सकर, बोचलं असं लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

कोकोपीट मी गच्चीवरच्या कुंड्यांत थोडं वापरते, वजन कमी राहतं म्हणून. जमिनीत अजिबात नाही. काथ्याचा तो उरलेला भुसा, वाया जाण्यापेक्षा बरा, हे खरं. पण त्यातलं मीठ काढायला तो धुवावा लागतो आणि त्याला भरपूर गोडं पाणी जातं. ते पाणीही आपल्याच किनाऱ्यावरच्या कुठल्यातरी गावचं. तुमच्याकडे शरदात पानगळ भरपूर. तारेच्या जाळीत दोन वर्षं पानं रचून ठेवा, ओली राहू द्या. जे काळं, भुसभुशीत तयार होईल ते बी पेरायला कोकोपीटपेक्षा सरस असतं.

कातळसडा

आम्ही रत्नागिरीकर. आमच्याकडचे सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, बाहेरच्या लोकांना ओसाड वाटतात. कातळ फोडून, ट्रकनं माती आणून आंबा लावतात, किंवा चांगल्या मनानं वृक्षारोपण करतात. पण जून ते ऑक्टोबर त्याच कातळावर बोटभर मातीत जी फुलं येतात ती दुसरीकडे कुठे येत नाहीत. कातळशिल्पंही तिथेच आहेत. ओसाड दिसलं की झाड लावायचं ही सवय मोडायला हवी. ताईंनी टेपावर एकही रोप लावलं नाही हे वाचून फार बरं वाटलं.

निवडुंग

मग मियावाकी पद्धतीबद्दल तुमचं मत काय? आमच्या कंपनीनं सोलापूर रस्त्याजवळच्या माळावर दाट जंगल लावायचं ठरवलंय.

रानजाई

निवडुंग, कातळसडांनी उत्तर जवळजवळ दिलंय. अकिरा मियावाकींची पद्धत, म्हणजे जागचीच झाडं एका चौरस मीटरला तीन-चार अशी दाट लावायची, शहरातल्या उकरलेल्या, भराव टाकलेल्या छोट्या जागेत चांगली चालते. मी एका शाळेत केलंय. पण माळरान म्हणजे मोडलेलं जंगल नव्हे. ते गवताचं घर आहे, लांडग्याचं, धाविक आणि चंडोल या पक्ष्यांचं. सोलापुराकडचा माळढोक अशाच माळावर होता. तिथे झाडं दाट लावली की त्यांचं घर गेलं. कंपनीला माळाचं गवत राखायला, वणवा अडवायला आणि जुन्या पाझर तलावातला गाळ काढायला पैसे द्यायला सांगा. फोटो तितके छान येणार नाहीत, हे मान्य.

अकोल्याची_लेक

इतके दिवस नुसती वाचत होते. आज खाते उघडून लिहितेय, कारण धागा माझ्या माहेरचा आहे.

दोन गोष्टी. एक, काजव्यांच्या दिवसांत आमच्याकडे शनिवारी-रविवारी इतक्या गाड्या येतात की रात्रभर रस्त्यावर उजेड. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, याच झाडांवर काजवे बसतात, आणि लोक झाडाखाली जाऊन मोबाइलचे टॉर्च मारतात. मादी जमिनीजवळ असते, ती पायाखाली येते. ज्यांना यायचं असेल त्यांनी आडवारी या, गाडी गावात लावा, चालत या, दिवा विझवा, घरात जेवा. येऊ नका असं मी म्हणत नाही, त्या पैशांवर बऱ्याच घरांत शाळेची वह्या-पुस्तकं येतात.

दुसरी गोष्ट बियांची. आमच्या तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, बीजमाता म्हणून २०२० साली ज्यांना पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी गावठी वालाचे, भाताचे, भाज्यांचे वाण घरोघर फिरून गोळा केले. माझ्या आईकडे वालाचे चार प्रकार होते, मडक्यात राखेत ठेवलेले. एक बुटका, तीन वेलाचे. एकाची शेंग जांभळी, दुसऱ्याची रुंद आणि पांढुरकी. लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा तिनं एका चिंधीत प्रत्येकी मूठभर बांधून दिले. तुम्ही लोक मांडवावर बोगनवेल, पॅशनफ्लॉवर चढवता. वाल चढवून बघा. फुलं सुंदर येतात, भुंगे येतात आणि शेंगा खाता येतात.

रानजाई

अकोल्याची_लेक, तुम्ही खाते उघडून लिहिलंत, धाग्याचं भाग्य. मादीबद्दलचं मला माहीत नव्हतं. आता गटातल्या सगळ्यांना सांगते.

वाल मी दोन बागांत मांडवावर दिलाय, पण बी बाजारातलं होतं. तुमच्याकडच्या जांभळ्या शेंगेच्या वालाचं मूठभर बी मिळेल का? पोस्टाचा खर्च माझा.

अकोल्याची_लेक

पोस्टाचा खर्च नको. आमच्याकडे रीत अशी की एक मूठ नेली तर पुढच्या वर्षी दोन मुठी परत करायच्या. तेवढं करा. खासगी निरोपात पत्ता टाका.

पायवाट५२

मला तुमच्याबरोबर यायला आवडेल. वय बावन्न, रोज पाच किलोमीटर चालते, उजवा गुडघा कधीकधी धरतो. जमेल का?

रानजाई

पायवाट, चढ जमेल. गुडघ्याची परीक्षा उतारावर होते. दिवाळीनंतर रोज जिने उतरण्याचा सराव करा, चढण्याचा नव्हे, आणि पंधरा दिवसांतून एकदा पाठीवर सहा किलोची सॅक घेऊन सिंहगड. वर पोचलात की खडकवासल्याच्या पाण्याकडे बघत दोन मिनिटं थांबा. आपल्या नळाला येतं ते हेच पाणी, डोंगरावर पडलेलं. नोव्हेंबरअखेर गुडघा सुजत नसेल तर या. सुजला तर एकच दिवस रतनवाडीपर्यंत या, ग्रामसभेला जानेवारीत या. तीही माणसं आम्हाला लागतात.

अत्तर, सुगंधी तेल, डिओ काही लावायचं नाही. कड्यांना आग्या मोहोळं असतात. धूर करायचा नाही, ओरडायचं नाही. आपला कचरा आपल्या सॅकमध्ये, आणि वाटेत सापडेल तो दुसऱ्याचाही.

मृद्गंध

वाडीचं टाकं आता कसं आहे? पाणी मेपर्यंत पुरतं का?

रानजाई

मृद्गंध, पहिल्या उन्हाळ्यात एप्रिलच्या मध्याला झरा बारीक झाला होता, टाकं भरायला दोन दिवस लागायचे. गेल्या उन्हाळ्यात रात्रभरात भरत होतं. टेप राखल्यामुळे की पाऊस उशिरापर्यंत लांबल्यामुळे, हे अजून काही वर्षं पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र एक-दोनदा खाली विहिरीवर जावंच लागलं. दुसरं टाकं हवं असं ग्रामसभेचं म्हणणं आहे. या डिसेंबरची चाल त्यासाठी.

आजींना भेटले. त्या अकरा रोपांपैकी एक शिवण त्यांच्या दाराशी आहे, आता डोक्याच्या वर गेलीय. सांडलेलं पाणी तिच्या आळ्यात जाईल असा त्यांनी पायरीशी चर काढलाय.

कोथरूडकर

रविवारी बसलो होतो, सात ते सात. लॉनवर आठ माणसं चालली, त्यातली पाच रस्ता म्हणून. मुलं जनरेटरच्या खोलीमागे खेळतात, हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं. बैठकीत आकडे मांडतोय.

अकोल्याची_लेक, आमच्या फाटकावर लोखंडी मांडव आहे, रिकामा. रानजाईताईंच्या मुठीतल्या दहा-बारा बिया आम्हाला चालतील. कधी लावू?

अकोल्याची_लेक

पहिला पाऊस मुरला की. दोन बिया एका आळ्यात, बोटाच्या दोन पेरांएवढ्या खोल. वेल भराभर वाढेल आणि फूल दिसणार नाही, तेव्हा घाबरून खत घालू नका. हा वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, दिवाळीच्या आसपास कळी धरेल. पहिल्या बहरातल्या चांगल्या मोठ्या शेंगा खायच्या नाहीत, वेलावरच वाळू द्यायच्या. त्या बियाण्याच्या.

कोथरूडकर

लिहून घेतलं. दोन मुठी परत करायच्या, तेही.